कठोर व्यायाम, रक्ततपासणी आणि खर्चाचा हिशेब

रक्ततपासणीचा अहवाल त्या वेळची शरीरस्थिती दाखवतो. नुकताच कठोर व्यायाम झाला असेल, तर निरोगी व्यक्तीच्या अहवालातही विकाराचा भास होऊ शकतो.

अतिश्रमाने स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात उतरते. एएसटी व एएलटी ही विकरे यकृताप्रमाणेच स्नायूंतही असल्याने तीही वाढतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन उचलण्याची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांमध्ये ही वाढ किमान ७ दिवस टिकली; जीजीटी व बिलिरुबिन मात्र सामान्य राहिले.

हा भेद दुर्लक्षित राहिल्यास यकृतविकाराची शंका, फेरतपासण्या व खर्च यांची साखळी सुरू होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के भार कुटुंबांनी स्वतः उचलला. मैदानी चाचणीपाठोपाठ वैद्यकीय तपासणी झाल्यास भरतीचा उमेदवारही नाहक अडचणीत येऊ शकतो.

म्हणून नियोजित तपासणीपूर्वी आठवडाभर कठोर व्यायाम टाळावा. केला असल्यास डॉक्टरांना सांगावे. मात्र अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाल्यास विनाविलंब उपचार घ्यावेत. वेळीच दिलेली माहिती हीदेखील बचतच होय.