बुद्धिबळाचा पट आणि गणिती विचार

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गणिताचा शिक्षक म्हणून मला पालक हमखास विचारतात, "सर, बुद्धिबळ शिकवले तर मुलाचे गणित सुधारेल का?" प्रामाणिक उत्तर द्यावयाचे, तर 'आपोआप नाही' असेच द्यावे लागेल. इंग्लंडमध्ये शंभर शाळांपैकी काहींत बुद्धिबळ शिकवून, काहींत न शिकवता तुलना करण्यात आली. शिकवणे संपल्यानंतर वर्षाने पाहता गणिताच्या गुणांत फरक आढळला नाही, असे २०१६ च्या अहवालाने सांगितले.

मग हा खेळ निरुपयोगी म्हणावा काय? मुळीच नाही. पट मुलासमोर प्रश्न मांडतो. त्यातील गणिताकडे लक्ष वेधणारे कोणी मात्र शेजारी हवे.

डाव सुरू होताना पांढऱ्याला किती चाली उपलब्ध असतात? आठ प्याद्यांच्या प्रत्येकी दोन आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन, एकूण २०. काळ्यालाही तितक्याच. दोघांची एकेक चाल होताच ४०० शक्यता! पाढे पाठ असलेला मुलगा येथे प्रथमच विचारतो, "वीस अधिक वीस का नाही?" नवव्या शतकात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात निवडीचे प्रकार मोजण्याची जी रीत दिली, तिच्याकडे जाणारी वाट याच प्रश्नापासून सुरू होते.

आता घोडा पाहू. एका कोपऱ्यातून निघून, प्रत्येक घरात एकदाच जाऊन, तो कर्णाच्या दुसऱ्या टोकाच्या कोपऱ्यात थांबू शकेल का? गणिताला घाबरणारी माझी एक विद्यार्थिनी दोन दिवस प्रयत्न करीत होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, हे जमणारच नाही. घोडा प्रत्येक चालीला रंग बदलतो. ६४ घरांसाठी ६३ चाली, म्हणजे विषम. शेवटचे घर वेगळ्या रंगाचे हवे. पण हे दोन्ही कोपरे तर एकाच रंगाचे!" 'जमले नाही' आणि 'जमणारच नाही' यांतील अंतर तिला उमगले होते. गणितात यालाच सिद्धता म्हणतात. त्यानंतर फळ्यासमोर येताना ती अडखळली नाही.

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. प्रत्येक मूल विजेते होणार नाही. विचार करणारे मात्र होऊ शकेल.

म्हणून पालकांना नम्र विनंती आहे. मूल खेळून आले की 'जिंकलास का?' असे विचारण्याआधी 'ती चाल का केलीस?' असे विचारा. हरलेला डाव त्याच्याकडून पुन्हा मांडून घ्या. चूक नेमकी कोठे झाली हे त्यालाच शोधू द्या. स्वतःची चूक न रागावता शोधणारे मूल गणिताच्या वहीतही तसेच वागू लागते. विश्वस्तांनीही अभ्यासिकेच्या एका कोपऱ्यात चार पट मांडून ठेवावेत आणि एखाद्या निवृत्त शिक्षकाला तेथे बसवावे, एवढी अपेक्षा व्यक्त करतो व आपली रजा घेतो.