सागरगोटा आणि ताप

मुली ज्यांनी खेळतात ते राखी, गुळगुळीत सागरगोटे आपण पाहिलेच आहेत. काटेरी वेलीच्या शेंगेतली ही बी. तिचा कडू गर मिऱ्याबरोबर वाटून तापात द्यावयाचा, ही जुनी रीत. परवा हर्सूलला एका आजीबाईंनी मला विचारले, "मास्तर, हे खरंच लागू पडतं, का नुसतं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. २००५ साली भारतीय संशोधकांनी या गराच्या अर्काची परीक्षा प्रसिद्ध केली. अशा परीक्षेत यीस्ट टोचून उंदरांना ताप आणतात. काहींना अर्क देतात, काहींना देत नाहीत, आणि दोघांचाही ताप मोजतात. म्हणजे आपोआप उतरणारा ताप औषधाच्या नावावर जमा होत नाही. अर्क दिलेल्यांचा ताप उतरला, वेदनाही कमी झाल्या.

मग आजीबाई जिंकल्या का? अर्ध्याच! उंदीर म्हणजे आपले लेकरू नव्हे. उंदराच्या मात्रेवरून लेकराची मात्रा ठरत नाही. शिवाय ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. मलेरिया, डेंग्यू आतल्या आत वाढू शकतो. शिक्षकबंधूंनी हा फरक मुलांना जरूर समजवावा. सागरगोटे खुशाल खेळा. पण ताप आला, की आधी दवाखाना गाठा आणि रक्त तपासून घ्या.