सात घरांचं एक घर



सकाळपासून चौघांनी विचारलं, 'तू कंपनीत नक्की करतेस काय?' तर गेलं वर्षभर मी सात रिपॉझिटरी एकत्र करतेय. रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्रामच्या फाइली आणि त्यांत कोणी, कधी, काय बदललं याच्या नोंदी. आमच्या सात टीमच्या सात होत्या. एकीकडची दुरुस्ती बाकी सहा जणींपर्यंत पोचायला आठवडे लागायचे. सगळं एका ठिकाणी ठेवलं की त्याला मोनोरेपो म्हणतात. जानेवारी २०१५ मध्ये गूगलच्या अशा एकाच रिपॉझिटरीत सुमारे २०० कोटी ओळी होत्या. आमचं त्यापुढे वाण्याचं दुकान!

वाद झाला तो जुन्या नोंदींवरून. आजच्या फाइली नुसत्या उचलून नव्या जागी ठेवल्या, तर काम दोन दिवसांचं. पण मग प्रत्येक ओळ त्याच दिवशी, एकाच माणसाने लिहिल्यासारखी दिसते. बहुतेकांना ते चालणार होतं. मला नाही. पैसे भरण्याच्या भागात एक ओळ होती: तीन सेकंद थांबा. दोघे जण ती काढायलाच निघाले होते. नोंद उघडली, तर केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या एका मुलीने लिहून ठेवलं होतं, की समोरून उत्तर उशिरा येतं आणि लगेच पुन्हा विचारलं तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातात. ओळ राहिली.

मग लांबचा रस्ता धरला. गिटमध्ये आधी 'फिल्टर-रेपो' वापरून प्रत्येक रिपॉझिटरीचा सगळा इतिहास तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचा, मग एकेक जोडायची. ज्यांचा पूर्वज एक नाही असे दोन इतिहास गिट २०१६ पासून आपणहून जोडत नाही. मुद्दाम परवानगी द्यावी लागते. (सोयरिकीआधी घरचे विचारतात तसंच!) यात नोंदींचे क्रमांक बदलतात, म्हणून जुन्या रिपॉझिटरी फक्त वाचण्यापुरत्या ठेवल्यात. शाळेचं जनरल रजिस्टर आठवतं? वर्ग कितीही बदलले तरी दाखल्यासाठी तेच उघडायचं.

सहा जोडून झाल्या. सातवी सगळ्यात जुनी. तिची टीम म्हणते, एकाची चाचणी फसली की सगळ्यांचं काम अडेल. भीती खरी आहे. म्हणून ज्या फोल्डरला हात लागला त्याच्या आणि त्यावर अवलंबून असलेल्यांच्याच चाचण्या चालाव्यात, अशी सोय आधी करतेय. तोवर सातवी बाहेरच.