पदक आणि गीतेची पाने



आपल्या सातारा-कोल्हापूरकडे पुष्कळ घरांतून फौजेत माणसे गेली. कुणाच्या पेटीत तळाशी एखादे पदक असते. ते कशाचे, कुणाचे, हे मुलांना ठाऊक नसते. म्हणून आज एका पदकाची हकिगत सांगतो.

परमवीर चक्र हे रणांगणावरच्या शौर्याबद्दलचे आपल्या देशाचे सर्वांत मोठे पदक. ते सोन्याचे नाही बरं का! काशाचे आहे. जुन्या चांदीच्या रुपयाहून जरा मोठे. फीत जांभळी. त्यावर इंद्राची चार वज्रे आहेत. वज्र दधीची ऋषींच्या हाडांचे केले होते. देवांसाठी त्यांनी आपला देह दिला. ही नक्षी सावित्रीबाई खानोलकर यांनी काढली. त्या जन्माने युरोपातल्या. पण मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झाल्या.

पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांचे. वय अवघे २४. ३ नोव्हेंबर १९४७ चा दिवस. काश्मिरात बडगाम गावी टोळीवाले चाल करून आले. श्रीनगरचा विमानतळ जवळच होता. तो गेला असता तर आपली फौज उतरणार कुठे?

सोमनाथांचा डावा हात प्लॅस्टरात होता. तरी ते हट्टाने लढाईवर गेले. शत्रू कितीतरी पट जास्त. माणसे पडू लागली. तेव्हा ते स्वतः मशीनगनच्या गोळ्या भरून जवानांना देऊ लागले. इतक्यात उखळी तोफेचा गोळा जवळ फुटला. सोमनाथ गेले. पण त्यांच्या तुकडीने शत्रूला सहा तास अडवले. तेवढ्यात कुमक पोचली. विमानतळ वाचला.

तीन दिवसांनी देह सापडला. ओळख कशावरून पटली? पिस्तुलाच्या चामडी म्यानावरून, आणि खिशातल्या गीतेच्या पानांवरून. पदक तर पुढे आले. ते १९५० साली सुरू झाले.

मंडळी, पदकाच्या मागे ‘परमवीर चक्र’ ही अक्षरे आहेत. पण बडगामची हकिगत त्यावर नाही. ती लोकांनी लिहिली, म्हणून आपल्याला कळली.

तुमच्या घरी फौजी माणसाचे पदक असेल, पत्र असेल, तर ते मोडीत घालू नका. म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव, गाव, पलटण, साल एका कागदावर लिहा. तो कागद पदकाबरोबर ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. हे काम तुमचेच आहे.