चार वजने आणि एक मण

नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती व इंदापूर तालुक्यांच्या कोरड्या जमिनीस लाभले. उसाचे मळे उभे राहिले आणि गुऱ्हाळांतील गूळ बारामतीच्या पेठेत तराजूपुढे येऊ लागला. पिकविणाऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल शेवटी त्या दांडीवर ठरते. म्हणून तराजूचे एक जुने कोडे या मुलखात निव्वळ करमणूक राहत नाही.

एक शेरापासून एक मणापर्यंत, म्हणजे 40 शेरांपर्यंत, पूर्ण शेरांचा कोणताही माल तोलावयाचा आहे. कमीत कमी किती वजने हवीत? वजने एकाच पारड्यात ठेवावयाची तर 1, 2, 4, 8, 16 व 32 शेरांची अशी सहा लागतात. मालाच्या पारड्यातही वजन ठेवण्याची मुभा असली, तर 1, 3, 9 व 27 ही चारच पुरतात. त्यांची बेरीज बरोबर एक मण! इटलीच्या फिबोनाचीने तेराव्या शतकात हाच प्रश्न चाळीस पौंडांचा म्हणून मांडला.

संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यास याची रीत अशी सांगता येते : संख्येस 3 ने भागावे. बाकी 1 उरली तर ते वजन समोरच्या पारड्यात जाते. 2 उरली तर ते मालाजवळ ठेवावे व भागाकारात 1 मिळवावा. काहीच न उरल्यास ते वजन वगळावे. आलेल्या भागाकारास पुन्हा 3 ने भागावे. त्याप्रमाणे 32 शेर गुळाजवळ 1 व 3 येतात. समोर 9 व 27. मॉस्को विद्यापीठात 1958 साली तयार झालेला ‘सेतुन’ हा संगणक याच धाटणीच्या अंकपद्धतीवर चालत असे.

परंतु या काटकसरीस एक किंमत आहे. या चार वजनांची कशीही मांडणी केली तरी ती आपसांत कधीच तुलत नाहीत. अर्थात एखादे वजन तळातून पोखरलेले असले, तर उरलेली तीन त्याची चुगली करू शकत नाहीत. मग काटा मारला गेला हे शेतकऱ्यास कळावे कसे?

उपाय त्याच्या पोत्यातच आहे. दोन्ही पारडी अदलाबदल करूनही तोल ढळत नाही, हे प्रथम पाहावे. मग एक शेराच्या वजनाने ज्वारीचे दोन ढीग तोलावेत. ते ढीग आणि ते वजन मिळून तीन शेरांच्या वजनाशी तुलले पाहिजेत. पुढे तीनावरून नऊ, नवावरून सत्तावीस. पहिल्या शेराची खात्री मात्र सरकारी शिक्क्यावरच सोपवावी लागते.

1956 च्या कायद्याने किलोग्रॅम आला आणि मण-शेर मागे पडले. गणित तेच राहिले. थोडक्या वजनांत तोलणे ही बुद्धीची करामत खरी. परंतु त्या वजनांची पारख करता येणे, यातच पिकविणाऱ्याचे हित आहे.