संघ पाचवीत उभा राहतो



शाळेच्या वार्षिक अहवालात यंदा एक बातमी आहे. बंद पडलेला फुटबॉल संघ पुन्हा उभा करायचं ठरलंय आणि त्यासाठी नवे प्रशिक्षक नेमले आहेत. अशा वेळी पाहुण्याने जिद्द, चिकाटी, सांघिक भावना असे चार शब्द बोलावेत, शुभेच्छा द्याव्यात आणि बक्षीस समारंभाला वाट मोकळी करून द्यावी, असा रिवाज आहे. मी तो जरा मोडतो, कारण मला एक शंका आहे. ती नव्या सरांबद्दल नाही, तुमच्याआमच्या अपेक्षेबद्दल आहे. सर आले, आता संघ होईल, असं आपण सगळेच धरून चाललो आहोत. माझं म्हणणं असं की नववी-दहावीतली धडधाकट अकरा मुलं वेचून त्यांना दोन महिने पळवलं, तर होतो तो एका हंगामापुरता संघ. टिकणारा संघ पाचवीत सुरू होतो. आणि प्रशिक्षकाचा हात पाचवीपर्यंत पोचवायचा की नाही, हे प्रशिक्षक ठरवत नाही. ते शाळेचं वेळापत्रक ठरवतं.

यासाठी एका शिक्षकाचंच उदाहरण घेऊ. सय्यद अब्दुल रहीम हे नाव २०२४ सालच्या ‘मैदान’ सिनेमामुळे तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. हैदराबादचा हा माणूस पेशाने शाळामास्तर. आपला मराठवाडाही त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता, म्हणजे तसे ते शेजारचेच म्हणायचे. १९४३ मध्ये त्यांनी हैदराबाद सिटी पोलिस संघ हाती घेतला. मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं नेला. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं, आणि लगेच १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून आपण एकास दहा गोलांनी हरलो. आपले कित्येक खेळाडू तिथे अनवाणी खेळले होते. आजच्या हिशोबाने त्याच आठवड्यात प्रशिक्षकाच्या हातात नारळ ठेवला गेला असता. मात्र १९५६ मध्ये मेलबर्नला रहीम यांच्याच संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. त्यातले तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाचे होते. भारत तिथे चौथा आला. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून पुन्हा सुवर्ण. हेलसिंकी ते जकार्ता, दहा वर्षं. आणि या पदकांइतकीच मला महत्त्वाची वाटते ती त्यांची हैदराबादेतली रीत. तरुण मुलांसाठी ते अशा स्पर्धा घेत की ज्यात चेंडू फक्त कमजोर पायाने खेळायचा, किंवा ड्रिब्लिंग मुळीच करायचं नाही. म्हणजे चेंडू मिळाला की तो दुसऱ्याला देणं आलंच. ज्यांना अजून कुठला चषक जिंकायचा नव्हता, अशा पोरांवर त्यांनी ही मेहनत घेतली होती.

आता इथे एखादा हुशार विद्यार्थी मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. रहीम जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण मिळालं नाही आणि १९६० च्या रोमनंतर आपला फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेला नाही. मग सगळा खेळ एका माणसाचाच होता, असं नाही का सिद्ध होत? मला यातून उलट निष्कर्ष काढावासा वाटतो. माणूस गेल्यावर काम थांबलं, याचा अर्थ ते काम संस्थेने आपलं मानलं नव्हतं. रहीम यांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. त्यांच्यामागे त्यांची रीत पुढे चालवणारी माणसं आणि जागा तयार ठेवण्यात इतर कमी पडले, एवढंच त्यातून दिसतं.

याच्या उलट बाजूचा दाखला अमेरिकेतला आहे. तिथला फुटबॉल निराळा, हातात चेंडू घेऊन पळण्याचा, तो आपण बाजूला ठेवू. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कॉर्ड गावी डी ला साल नावाची शाळा आहे, १९६५ साली सुरू झालेली. १९७९ मध्ये बॉब लॅडूसर हा पंचवीस वर्षांचा तरुण तिथे प्रशिक्षक झाला. तोपर्यंत त्या शाळेला एकाही हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवता आले नव्हते. पुढे १९९२ ते २००४ या काळात हा संघ सलग १५१ सामने जिंकला. हा आकडा सगळे सांगतात. ती विजयमालिका सुरू व्हायला तेरा वर्षं लागली, हे फारसं कोणी सांगत नाही. लॅडूसर त्याच शाळेत वर्गावरही शिकवत, आणि २०१३ मध्ये ते बाजूला झाले तेव्हा त्यांची जागा त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि पुढे त्यांचा सहायक झालेल्या माणसाने घेतली. ही खासगी, फी घेणारी शाळा आहे. आसपासचे चांगले खेळाडू ती आपल्याकडे ओढते, असा आरोपही तिच्यावर होतो. म्हणून तिचे विजय आपण मोजू नयेत. तिथला क्रम मात्र घेण्यासारखा आहे: आधी वर्षानुवर्षं एकच रीत, मग माणसांची दुसरी फळी, आणि चषक त्याच्या मागून.

पाचवीच का, आठवी का नको, असं कोणी विचारेल. त्यासाठी खेळाकडे जरा जवळून बघावं लागेल. शाळेच्या टणक मैदानावर चेंडू उड्या मारत येतो. न शिकलेला मुलगा तळपायाने तो दाबून धरतो, मान खाली घालून पायाशी बघतो, मग मान वर करून आपला माणूस शोधतो. यात दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो. शिकलेला मुलगा चेंडू येण्याआधीच एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेतो. चेंडू पायाच्या आतल्या बाजूने किंचित पुढे, मोकळ्या जागेत घेतो, आणि त्याचा दुसरा स्पर्श हा पासच असतो. बाहेरून बघणाऱ्याला हा वेग वाटतो, खरं तर ही मानेची सवय आहे. ती अंगात मुरायला हजारो वेळा चेंडू पायाशी यावा लागतो. आणि अकरा विरुद्ध अकरा अशा पूर्ण सामन्यात एकेका खेळाडूच्या वाट्याला चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं येतो. म्हणून लहान मुलांना मोठ्या मैदानावर मोठा सामना खेळवणं हा वेळेचा अपव्यय आहे. चार विरुद्ध चार, छोटी जागा, पाण्याच्या बाटल्या ठेवून केलेले गोल आणि चार नंबरचा चेंडू, दहा-अकरा वर्षांच्या पायाला तोच बेताचा. याला स्टेडियम लागत नाही, प्रायोजक लागत नाही. चेंडू मात्र भरपूर लागतात. साठ पोरांत तीन चेंडू असतील, तर सत्तावन्न पोरं रांगेत उभं राहायलाच शिकतील.

नाशिककरांना हे पटवायला मला फार लांब जावं लागू नये. द्राक्षबागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो तेव्हा वेलीवर घड नसतो, पण पुढचा घड त्याच छाटणीनंतरच्या काडीत आतल्या आत ठरतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर तो फक्त डोळ्यांना दिसतो. आपल्या शालेय स्पर्धा ऐन पावसाळ्याच्या सुमारास येतात. जूनमध्ये शाळा उघडते, घाईघाईने संघ निवडला जातो, चिखलात दोन सामने होतात, हरलो की बूट कपाटात. ही नुसती ऑक्टोबरची छाटणी झाली. नव्या सरांनी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, स्पर्धा नसताना, मैदानावर काय केलं, हे पालकांनी विचारायला हवं.

शिवाय आपल्याच शहरात अशा सातत्याचा पुरावा आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. तिचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग, सराव भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर. गोष्ट कवितापाशी संपली असती तर मी ती सांगितली नसती. त्याच प्रशिक्षकांकडे तयार झालेल्या चांदवड तालुक्यातल्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचं कांस्य घेतलं. मोठ्या धावपटूंच्या मागे लहानांनी धावायचं, हे त्या मैदानावर नेहमीचं होऊन गेलं. धावणं हा एकट्याचा खेळ, फुटबॉलला अकरा लागतात, असा आक्षेप इथे येईल. खरंच आहे. पण त्याने माझा मुद्दा अधिकच घट्ट होतो. एकट्या धावपटूला जे सातत्य लागतं, ते एकमेकांच्या चाली ओळखायला लागणाऱ्या अकरा जणांना कमी कसं चालेल?

आता पालकांच्या मनातला खरा प्रश्न, दहावीचा. खेळल्याने मार्क वाढतात असा दावा मी करणार नाही, आणि खेळाडूंच्या सवलतीच्या गुणांचं आमिषही दाखवणार नाही. गुणांसाठी खेळणारा मुलगा प्रमाणपत्र हातात पडलं की मैदान सोडतो. दहावीच्या वर्षी सराव कमी होणार, काही मुलं नाव काढून घेणार, हे धरूनच चाललं पाहिजे. ज्या शाळेचा संपूर्ण संघ नववी-दहावीचा असतो, तिचा संघ दर मार्चमध्ये मोडतो आणि दर जूनमध्ये शून्यापासून सुरू होतो. सहावी-सातवीत चाळीस मुलं खेळत असतील तर दहावीतली चार गेल्याने संघाला खिंडार पडत नाही. म्हणजे दहावीच्या अडचणीवर उत्तर पुन्हा पाचवीतच सापडतं. त्यासाठी पीटीचा तास हा पीटीचाच राहिला पाहिजे. दिवाळीनंतर तो गणिताला द्यायचा, पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमीला द्यायचा, उरलेल्या वेळात क्रीडाशिक्षकाला प्रभातफेरी, संचलन आणि परीक्षेचं पर्यवेक्षण द्यायचं, आणि मग संघ का हरला म्हणून विचारायचं, हे बरं नव्हे.

चांगली मुलं शेवटी खासगी अकादमीतच जातात, मग शाळेने का झिजायचं, असंही ऐकू येतं. जाऊ देत की. अकादमी फी भरू शकणाऱ्याला घेते. इथल्या सरकारी छापखान्यातल्या कंत्राटी कामगाराचा मुलगा, जेल रोडला घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी यांच्यासाठी फी न भरता चेंडू मिळण्याची जागा शाळाच. मुलगी हा शब्द मी मुद्दाम वापरला. अहवालात फक्त मुलांच्या संघाचा उल्लेख आहे. सुब्रोतो चषकाच्या शालेय स्पर्धेत सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, आणि पाचवीत मुलगा-मुलगी एकत्र खेळायला कुठलीच अडचण नाही. निम्मी शाळा कुंपणाबाहेर ठेवून संघ उभा करायचा म्हणजे निम्मे खेळाडू आधीच गमावणं.

मोठ्या कार्यक्रमांवर मात्र माझा फार विश्वास नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारच्या मिशन वन मिलियनमध्ये महाराष्ट्रभर शाळाशाळांतून एकाच दिवशी फुटबॉल खेळवला गेला. आपल्या देशात होणाऱ्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाची ती हवा होती. त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. तो एका दिवसाच्या उत्सवातून आला नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार या तालमी आणि मंडळांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळताहेत, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बापाच्या शेजारी बसून मुलं खेळ बघतात, आणि अनिकेतवरचे पुढचे संस्कार पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले. कोल्हापुरात प्रशिक्षक बदलतात, पेठ बदलत नाही. नाशिक रोडला कोल्हापूरसारख्या फुटबॉलच्या पेठा नाहीत. इथे पेठेचं काम शाळेलाच करावं लागेल, म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी शनिवारी येऊन लहानांना खेळवणं आलं, आणि सामन्याला पालकांनी कडेला उभं राहणंही आलं.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट विचारतो. प्रशिक्षक कराराने नेमले आहेत, असं अहवालात म्हटलंय. करार एक वर्षाचा असेल तर सर पहिल्याच पावसाळ्यात चषक आणण्याच्या मागे लागतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. करार निदान तीन वर्षांचा करा. त्या तीन वर्षांत त्यांना हरायची मुभा द्या, पण पाचवी ते आठवीची किती मुलं-मुली आठवड्यातून तीनदा मैदानावर येतात, याची हजेरी दर महिन्याला मागा. आणि त्यांच्या जोडीला शाळेतलाच एक कायम शिक्षक द्या, जो त्यांच्याबरोबर सराव घेईल, सगळं वहीत टिपून ठेवेल आणि ते गेल्यावरही इथेच असेल. अहवालात प्रशिक्षकांचं नाव आहे, या दुसऱ्या माणसाचं नाही. मुख्याध्यापिका बाई, ते नाव येत्या जूनच्या आधी ठरवा.