खसखस आणि प्रतिपिंडांची साक्ष

दिवाळीच्या फराळांत खसखशीवर थापलेला अनारसा ज्यानें खाल्ला नाहीं, असा मराठी माणूस विरळा. त्या निरुपद्रवी खसखशीपायीं एखादा सज्जन गृहस्थ अफूबाज ठरूं शकेल काय? ऐकावयास हें चमत्कारिक वाटेल. परंतु रुग्णालयांतील एका परीक्षेच्या बाबतींत हा प्रश्न खरोखरच उपस्थित होतो.

परकें द्रव्य आंत शिरलें म्हणजे शरीर त्याच्याशीं नेमकीं जुळणारीं प्रतिपिंडें निर्माण करतें. मॉर्फीनचा रेणु फार लहान. एकट्यानें तो शरीरास जागें करूं शकत नाहीं. म्हणून मोठ्या प्रथिनास जोडून तो प्राण्यास टोंचतात. अशा प्रतिपिंडांनीं मॉर्फीन मोजण्याची रीत स्पेक्टर व पार्कर यांनीं १९७० सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध केली. तिचा पाया रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं इन्सुलिन मोजतांना घातला होता. यॅलोबाईंना त्या कार्याबद्दल १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

युक्ति साधी आहे. खूण केलेलें मॉर्फीन व रोग्याचें मूत्र एकत्र करून प्रतिपिंडांपुढें ठेवावयाचें. प्रतिपिंडांवरील जागा मोजक्याच. मूत्रांत मॉर्फीन असेल, तर तें त्या जागा बळकावतें आणि खुणेचें मॉर्फीन मोकळें राहतें. किती मोकळें राहिलें, यावरून निदान होतें.

परंतु एकाच कुलुपास कधीं कधीं दुसरीहि किल्ली लागते. खोकल्याच्या औषधांतील कोडीन या परीक्षेंत मॉर्फीनसारखेंच दिसतें; आणि खसखशीस चिकटलेला अफूच्या चिकाचा अंश तर खरेंच मॉर्फीन! म्हणून अमेरिकेंत १९९८ सालीं संघराज्य सरकारच्या नोकरवर्गाच्या तपासणींत दोषाची मर्यादा दर मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेण्यांत आली. कित्येक रुग्णालयांत मात्र जुनीच मर्यादा चालू आहे. उलट, फेंटॅनिलसारखें भयंकर द्रव्य घडणीनें निराळें असल्यामुळें या परीक्षेंतून साफ निसटतें. म्हणजे निरपराध्यावर आळ यावा आणि बेशुद्ध पडलेल्याचें खरें कारण दडून राहावें, असे दोन्ही धोके आहेत.

यास्तव पहिला निकाल हा संशय समजावा, पुरावा नव्हे. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांनीं खात्री केल्यावांचून कोणासहि दोषी म्हणूं नये. शिवाय मूत्र हें व्यसन, हेतु किंवा घेतलेली मात्रा यांविषयीं कांहींच बोलत नाहीं. तें रोग्यासच विचारावें लागतें, आणि आपल्यावर विश्वास आहे असें वाटलें, तरच तो खरें सांगतो.